पॅराशूट कुणाच्या वावरात

डिसेंबरात पहाटे साडेपाचला आमच्या बेला मंडलात जो माणूस घराबाहेर दिसतो, त्याला एक तर म्हशीची धार काढायची असते, नाहीतर शुगर झालेली असते. मी दुसऱ्यांतला. डॉक्टरांनी नेमून दिलेलं चालणं मी पैनगंगेच्या दिशेने उरकतो. डोक्याला मफलर, हातात कुत्र्यांसाठी काठी. तेलंगणातली सगळ्यात कडाक्याची थंडी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात पडते, आणि हैदराबादच्या बातम्यांत आमचं नाव येतं ते बहुधा तेवढ्यापुरतंच.

दोन हिवाळ्यांमागे अशाच एका पहाटे, सव्वासहाच्या सुमारास, दक्षिणेला एक चांदणी दिसली. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून मुठीएवढीही वर नसेल. लुकलुकत नव्हती. शुक्र म्हणावा तर तो दक्षिणेत कशाला येईल? विमान म्हणावं तर हलत नव्हती. सूर्य उगवायला अजून पंचवीस मिनिटं होती. माझ्या पायाखालच्या रस्त्यावर रात्र होती आणि त्या चांदणीवर ऊन पडलं होतं.

"हैदराबादचा फुगा," मी धार काढणाऱ्या शेजाऱ्याला म्हणालो.

"फुगा? कोन्या पोराचा जी?"

कोण्या पोराचा, हे सांगायला मला तिथेच दहा मिनिटं लागली आणि त्याची म्हैस खवळली. तेच आता जरा सावकाश सांगतो.

मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं मी गणित-विज्ञान शिकवलं. पस्तीस किलोमीटर उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो, हे मी दहावीच्या वर्गात वर्तुळाची स्पर्शिका काढून दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवत असे. पोरं विचारत, तिथे बघायला कोण जातं? मग मला फुग्याकडे वळायला वाट मिळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. १९५९ पासून संस्थेचे पाचशेवर मोठे फुगे आकाशात गेले. हंगाम साधारण दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत, वेळ रात्री आठ ते सकाळी साडेसहा. पातळ पॉलिथीनचा फुगा, आत हायड्रोजन, वर गेल्यावर व्यास ५० ते ८५ मीटर. खाली दोरीला उपकरणांची पेटी. तीस ते बेचाळीस किलोमीटरवर काही तास तरंगायचं, मग खालून रेडिओने हुकूम सुटतो, पेटी फुग्यापासून तुटते आणि रंगीत पॅराशूटला लटकत खाली येते.

खाली म्हणजे कुठे? हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत, वारा नेईल तिथे. म्हणून दर हंगामाआधी एक सूचना निघते, तीत जिल्ह्यांची लांबलचक यादी असते आणि तीत आदिलाबाद असतं. पलीकडचे नांदेड, चंद्रपूरही असतात. मला ती यादी वाचताना नेहमी जुना निजामी आदिलाबाद आठवतो. १९५६ साली भाषेवर राज्यं पाडली तेव्हा किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्राकडे गेले, आम्ही आंध्रात राहिलो, पुढे तेलंगणात आलो. पॅराशूटच्या यादीत मात्र आम्ही सगळे अजून एकत्र आहोत.

सूचनेचा मजकूर साधा आहे. पेटी सापडली तर हात लावू नका, उघडू नका, हलवू नका. काहींत जास्त दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्याला, पोस्टात किंवा अधिकाऱ्यांना कळवा. कळवणाऱ्याला बक्षीस, शिवाय झालेला खर्च. मी ही सूचना वर्तमानपत्रातून कापून शाळेच्या भिंतीला चिकटवत असे. त्याला एक कारण घडलं होतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, माघात, सातवीची दोन पोरं धावत आली. "गुरुजी, वावरात बाँब पडला जी." त्या काळात आमच्या जिल्ह्यात बेवारस डबा म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. इंद्रवेल्लीत आदिवासींवर झालेल्या पोलीस गोळीबाराला अजून दहा वर्षंही झाली नव्हती, जंगलात नक्षलवाद्यांची दलमं होती, गावात पोलिसांची गाडी आली की दारं लागत. मी गेलो. उभ्या पऱ्हाटीत एक पांढरी थर्मोकोलची डबी पडलेली, सुतळीला फाटक्या रबराचे लोंबणारे तुकडे. भोवती पन्नास माणसं, सगळी वीस हात दूर. डबीवर हवामान खात्याची छापील चिठ्ठी होती. रोज ठरल्या वेळी छोटे रबरी फुगे सोडून हवेचं तापमान, ओलावा मोजतात, त्यातला हा एक. वर जाऊन फुटलेला, नागपूरकडून आलेला असावा. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली तेव्हा गर्दीतून निराशेचा एक सुस्कारा निघाला. बाँब नाही तो नाही, वर बक्षीसही नाही.

त्यानंतर मी फुग्यांच्या मागे लागलो. सुट्टीत हैदराबादला गेलो की ग्रंथालयात बसायचो, मुंबईच्या मित्राकडून कात्रणं मागवायचो. जे हाती लागलं त्यात माझ्या मनाने घेतलेली गोष्ट एकच: या विज्ञानात पेटी खाली सापडणं हा प्रयोगाचा निम्मा भाग आहे, आणि तो निम्मा भाग प्रयोगशाळेत होत नाही.

मुळात फुगाच का, हे बघू. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन माणूस हायड्रोजनच्या फुग्याखालच्या टोपलीत बसून पाच किलोमीटरच्या वर गेला. हवेतलं आयनीभवन, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होणं, जमिनीतल्या किरणोत्सारामुळे होत असेल तर वर जाताना ते घटायला हवं. ते वाढलं. काहीतरी वरूनच येत होतं. त्याला विश्वकिरण म्हणू लागले. खरं तर ते किरण नव्हेत, कण आहेत, बहुतेक प्रोटॉन. पण एकदा पडलेलं नाव सुटत नाही. आमच्या गावातली 'नवी विहीर' सत्तर वर्षांची आहे.

हे कण विद्युतभारित, आणि पृथ्वी हा मोठा चुंबक. चुंबकीय क्षेत्रात भारित कण वळतो. ध्रुवांकडे क्षेत्ररेषा उभ्या, त्यांच्या कडेकडेने अशक्त कणही आत घुसतात. विषुववृत्ताजवळ त्या आडव्या पडलेल्या, जणू बांधावर बांध. तिथे जोरकस कणच ओलांडून येतो. म्हणजे पृथ्वीभोवती एक चाळणी आहे आणि तिची भोकं अक्षांशाप्रमाणे लहानमोठी आहेत. ही चाळणी मोजायला अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन १९३९-४० च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले, बरोबर नेहर आणि पिकरिंग. आग्रा, पेशावर, बंगळूर इथून त्यांनी फुगे सोडले. त्यातल्या पिकरिंगच्या हाताखाली पुढे अमेरिकेचा पहिला उपग्रह घडला. बंगळूरला तेव्हा महायुद्धामुळे केंब्रिजला परत जाता न आलेला एक तरुण पारशी शास्त्रज्ञ होता, होमी भाभा.

भाभांनी १९४५ साली टीआयएफआर काढली, त्याच वर्षी ती बंगळुरातून मुंबईत आली. सुरुवातीला रबरी फुग्यांचे पुंजके बांधून सोडत. रबरी फुगा वर जातो, फुगतो, फुटतो, एका उंचीवर टिकत नाही. आणि त्या काळातलं खरं उपकरण होतं छायाचित्रणाच्या जाड इमल्शनच्या पाट्यांची थप्पी. कण तीतून गेला की रेघ उमटते. पाट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून महिनोन् महिने रेघा शोधायच्या. याच रीतीने ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेलना पायॉन हा कण सापडला आणि १९५० चं नोबेल मिळालं. पॉवेलकडे शिकलेले एम. जी. के. मेनन १९५५ मध्ये मुंबईला आले, तोवर बर्नार्ड पीटर्स इथे होतेच. मग प्लॅस्टिकच्या फुग्यांचं काम जोरात सुरू झालं.

इमल्शनचा मुद्दा मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगायचो. उपग्रह आपला आकडा रेडिओने पाठवतो, तो समुद्रात पडला तरी आकडा हाती राहतो. इमल्शनची थप्पी मुकी. जे काही तिला आकाशात दिसलं ते तिच्या पोटात. ती हरवली तर विश्वाच्या त्या भागाची साक्षच गेली. आणि ती पडणार कुठे? बी पेरलेल्या वावरात, नाल्यात, सागाच्या जंगलात, ज्या माणसाला अक्षर येत नाही त्याच्या बैलासमोर. त्या माणसाने चकाकी बघून पेटी उघडली असती तर उन्हाने सगळं काळं. हैदराबादला आधी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून फुगे जात, १९६९ मध्ये कायमचं केंद्र झालं. या सगळ्या काळात ज्या पेट्या शाबूत परत गेल्या, त्या कुणीतरी राखल्या म्हणूनच ना? शोधनिबंधांवर गोखले, रेडकर, दामले अशी नावं दिसतात आणि मराठी माणूस म्हणून माझी छाती फुगते. पण पेटीवर घोंगडी टाकून रात्रभर शेकोटीशी बसलेल्याचं नाव कुठल्याच निबंधावर नसतं. मी संपादक असतो तर निदान गावाचं नाव घातलं असतं.

हैदराबादच का, याचं एक उत्तर चाळणीत आहे. हैदराबादला सुमारे सतरा अब्ज व्होल्टच्या खालचे कण चुंबकाच्या कुंपणाबाहेरच राहतात. अमेरिका-युरोपातल्या फुग्यांच्या तळांवर कितीतरी अशक्त कण आत येतात आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या मंद क्ष-किरणांवर त्यांचा गोंगाट चढतो. इथे तो गोंगाट कमी. बाजाराच्या दिवशी कुजबूज ऐकू येत नाही, इतर दिवशी येते, तेवढंच.

पण चाळणीने दिलं ते थंडीने काढून घेतलं, आणि इथे मला सगळ्यात गंमत वाटते. शेतकऱ्याला विचारा, जगात सगळ्यात थंड हवा कुठे? तो हिमालय म्हणेल, शिकलेला असेल तर ध्रुव म्हणेल. वर जाताना हवा थंड होत जाते आणि एका उंचीला, तपस्तब्धीला, थांबते. ध्रुवांकडे ती सीमा आठ-नऊ किलोमीटरवर, आपल्याकडे सोळा-सतरावर. उंच जिना, म्हणून थंडीही जास्त. उष्ण कटिबंधाच्या डोक्यावर तिथे उणे ८० अंश, कधी उणे ९० च्या घरात तापमान उतरतं. ज्या हैदराबादेत एप्रिलात डांबर पायाला चिकटतं, तिच्याच माथ्यावर ही थंडी. युरोप-अमेरिकेत नीट चालणारी पॉलिथीनची पन्नी या थरात शिरली की काचेसारखी कडक होते आणि टराटरा फाटते. वर पोचायच्या आतच फुगा चिंध्या होऊन खाली.

पन्नी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्याकडे गंजी झाकायला, कापूस उघड्यावर असताना अवकाळी आला तर धावत जाऊन पसरायला पन्नीच लागते, आणि हिवाळ्याच्या पहाटे ती घडीवर तडकते हे बाईमाणसाला कळतं. फरक एवढाच की फुग्याची पन्नी वीसेक मायक्रॉनची, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि तिला शेकडो किलोंचं ओझं उचलून उणे ९० मधून पार व्हायचं असतं. जमिनीवरून सुटताना फुग्याच्या शेंड्याशी फक्त एक बुडबुडा भरलेला असतो, बाकीचा फुगा खाली दोरासारखा लोंबत असतो. वर हवेचा दाब उतरेल तसा तोच वायू शंभरपटीहून जास्त पसरतो आणि सुरकुत्या उलगडतात. लांब पाकळ्या उष्णतेने एकमेकींना जोडून हा फुगा शिवायचा, अक्षरशः शिंपीकाम. टीआयएफआरच्या लोकांनी कच्चं पॉलिथीन निवडण्यापासून सुरुवात केली, थंडीत न तडकणारी पन्नी इथेच काढली आणि तिला 'अँट्रिक्स' नाव दिलं. पुढे ती ३.८ मायक्रॉनपर्यंत पातळ केली. जानेवारी २०१४ मध्ये त्या पन्नीचा एक फुगा हलकंसं ओझं घेऊन ५१ किलोमीटरच्या वर गेला. हायड्रोजन पेटतो, हीलियम पेटत नाही. पण हीलियम बाहेरून आणायचा, म्हणून आपण हायड्रोजनशी जुळवून घेतलं. महागाईने शिकवलेलं विज्ञान.

त्या फुग्यांनी बघितलं काय? १९६८ च्या एप्रिलात हैदराबादहून गेलेल्या फुग्याने वृश्चिकेतल्या स्को एक्स-वन या क्ष-किरण ताऱ्याचा वेध घेतला. क्ष-किरण हवेच्या थरात विरतात, खाली पोचतच नाहीत, म्हणून उंची हवी. तेव्हापासून चाळीसहून जास्त वर्षं याच कामात माणसं तयार झाली आणि २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचं मोठं क्ष-किरण उपकरण त्यांच्याच हातचं होतं. त्याची आधीची आवृत्ती फुग्याखाली तपासून घेतलेली. अवरक्त दुर्बिणीही गेल्या, एक मीटर आरशाच्या. ताऱ्यांच्या जन्मस्थानी आयनीभूत कार्बन कसा पसरलाय याचे नकाशे त्यांनी काढले. अलीकडे पावसाळ्यात छोटे फुगे सोडून मोसमी ढगांच्या माथ्यावर सूक्ष्म कणांचा थर कसा जमतो तेही बघतात.

आणि चाळणी? ती कायमची पक्की नाही. सूर्यातून कधी कधी प्लाझ्माचा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तापल्या वायूचा, प्रचंड लोट सुटतो. तो स्वतःचं चुंबकत्व घेऊन येतो आणि पृथ्वीच्या क्षेत्राला दाबतो. २२ जून २०१५ ला असा लोट आदळला तेव्हा टीआयएफआरच्याच उटीतल्या ग्रेप्स-३ प्रयोगात सुमारे दोन तास म्यूऑन कणांची संख्या वाढलेली नोंदली गेली. एरवी कुंपणावरून परतणारे कण तेवढा वेळ आत आले होते. दक्षिण भारताच्या डोक्यावरचा बांध दोन तास फुटला आणि खाली आपण सगळे गाढ झोपेत होतो.

मराठी वाचकाला यातलं एक उड्डाण माहीत असतं, फक्त ते हैदराबादहून झालं हे ठाऊक नसतं. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने जानेवारी २००१ मध्ये एक फुगा ४१ किलोमीटरपर्यंत गेला. त्याखाली निर्जंतुक पोलादी नळ्या, आतली हवा काढलेली, द्रवरूप निऑनने उणे २४६ अंशांपर्यंत थंड केलेल्या. ठरलेल्या उंचीवर झडप उघडायची, तिथली हवा आत शिरून गोठायची, झडप बंद. उद्देश असा की वरून, पृथ्वीबाहेरून, सूक्ष्मजीव येतात का ते बघावं. एप्रिल २००५ मध्ये पुन्हा नेला. नळ्या हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, म्हणजे पेशींवर संशोधन करणाऱ्या दोन संस्थांत, तपासल्या. बारा जिवाणू, सहा बुरशा वाढल्या. २००९ मध्ये जाहीर झालं की तीन जिवाणू तोवर कुठेच न सापडलेले आहेत. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएलचं नाव, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. यावरून ते परग्रहावरचे ठरत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी स्वतःच स्पष्ट केलं. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून दाखवताना मी वर्गाला विचारायचो: ती नळी पॅराशूटने उतरताना कुणाच्या विहिरीत पडली असती तर? एक पोरगी म्हणाली, "मग गुरुजी, जिवाणू आमच्याच विहिरीतले निघाले असते." २० मे २०२५ ला नारळीकर गेले. मला पहिलं आठवलं ते त्या मुलीचं उत्तर.

लोक आता मात्र बदलले. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या एका कंपनीची प्रवासी नेण्यासाठीची रिकामी कुपी याच केंद्रातून वर गेली आणि विकाराबाद जिल्ह्यात एका वावरात उतरली. तासाभरात सगळ्यांच्या फोनवर 'उडती तबकडी'. माणसं वीस हात दूर वगैरे काही उभी नव्हती, टेकून फोटो काढत होती. जानेवारी २०२५ मध्ये बिदरकडच्या जलसंगी गावात एक पेटी फुग्यासकट घरावरच उतरली. हे तेच जलसंगी, जिथल्या चालुक्यकालीन मंदिराच्या भिंतीवर शिलालेख लिहिणारी दगडी स्त्री आहे. नऊशे वर्षं ती लिहिते आहे; एवढी एक ओळ तिनेही लिहून ठेवायला हरकत नाही.

आमच्या बाजूला अजून मोठी पेटी मी स्वतः बघितलेली नाही. नदीपलीकडच्या एका गावात कडब्याच्या गंजीवर मात्र एकदा अतिशय पातळ, लांबच लांब, दुधी रंगाची पन्नी पसरलेली दिसली. बोटांत धरली तर आवाजही होईना. मालकाला विचारलं, कुठून आणली? तो म्हणाला, "वरून आली जी." मी पुढे काही विचारलं नाही.

त्या पहाटे मी चांदणीकडे बघत राहिलो. साडेसहाच्या सुमारास आकाश पांढरं होऊ लागलं, ती फिकट होत गेली आणि एका क्षणी नाहीशी झाली. उजेडात बुडाली की हैदराबादहून हुकूम सुटला, इथून कळायला मार्ग नव्हता. शेजारी दूध घेऊन गेला होता. कापूस वेचणाऱ्या बायांचा ऑटो फाट्यावर येऊन थांबला. घरी आलो, मफलर काढला नाही, दारातूनच बायकोला म्हणालो, जरा वावरात चक्कर मारून येतो.

"आत्ता? काय पडलंय वावरात?" ती आतून म्हणाली. "आणि गोळी घेतली का अनशापोटी?"